आवतन दिलेला तांबड्या

पोळ्याच्या दिवशी भर दुपारी छायाचा बैल गायब झाला. अंगणातली जोडी जागेवरच होती. निंबाखाली उभी राहून शिंगांना हिंगूळ लावून घेत होती. गायब झाला तो डबीतला.

डबी म्हणजे हातात मावणारं, पुस्तकासारखं मिटणारं, दोन पडद्यांचं एक जपानी खेळाचं यंत्र. नांदुऱ्याच्या जुन्या मोबाइलच्या दुकानात छायाला ते सापडलं होतं, आत ‘कागेमोरी’ नावाच्या खेळासकट. घरी आणल्यावर तिच्या आजोबांनी, आबांनी, त्याला डबी म्हटलं आणि तेच नाव पडलं. खेळ सांगायला सोपा होता. रानात, गुहेत, तळ्याकाठी हिंडायचं, तऱ्हेतऱ्हेचे प्राणी पकडायचे, त्यांना खाऊपिऊ घालून मोठं करायचं आणि दुसऱ्या खेळाडूच्या प्राण्यांशी झुंजवायचं. झुंजीला तिघांनाच न्यायचं. बाकीचे खेळातल्या गोठ्यात राहायचे.

छाया प्राणिशास्त्राची बी.एस्सी. झालेली. तिला या खेळात सगळ्यात जास्त आवडली ती त्यातली साखळी. पाणी मातीवर भारी, वीज पाण्यावर भारी, वेल माती आणि वीज दोघांनाही पुरून उरणारी, कीड वेल खाणारी आणि पक्षी कीड खाणारा. खेळ बनवणाऱ्यांनी गोगलगायीला किडीत घातलं होतं. गोगलगाय मृदुकाय प्राणी, कीटक नव्हे, हे तिला पहिल्या दिवसापासून खुपत आलं होतं. एरवी ती पाठीवर शंख वाहणाऱ्या कुठल्याही जिवाचं वर्गीकरण बिनचूक सांगायची. इथं मात्र जपान्यांपुढे इलाज नव्हता.

आणि तांबड्या म्हणजे तिचा सर्वांत जिवाचा गडी. उशिमारू जातीचे बैल या खेळात ढिगानं मिळतात, पण सगळे राखाडी. तांब्याच्या रंगाच्या शिंगांचा एखादाच निघतो. छाया आणि आबा उन्हाळाभर एका गुहेच्या तोंडाशी ठाण मांडून बसले होते. रोज दुपारची जेवणं झाली की आबा विचारायचे, “निंघाला काय व?” आणि छाया मान हलवायची. एक दिवस ती पाणी प्यायला उठली, डबी आबांच्या हातात होती, आणि आबा ओरडले, “छाये, तांबड्या निंघाला! कोनतं बटन दाबू?” बटण आबांनीच दाबलं. नावही त्यांनीच ठेवलं.

तोच तांबड्या आज पणाला लागला होता.

तो लागला हर्षलमुळे. हर्षल म्हणजे छायाच्या आत्याचा मुलगा, तिच्याच वयाचा. घर बुलढाण्याला, शिकायला पुण्याला, आणि जीभ तिखट. त्याच्याकडेही तीच डबी, तोच खेळ. त्याचा एक ससाणा होता, नाव ‘बॉस’. आभाळातून असा सूर मारायचा की समोरचा लेचापेचा असेल तर एका फटक्यात गार. तांब्याची शिंगं पाहिल्यापासून हर्षलच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. गेल्या महिन्यात फोनवर बोलता बोलता तो म्हणाला, “छाये, पोळ्याला मी येतोच आहे. होऊन जाऊ दे. मी जिंकलो तर तांबड्या माझा. तू जिंकलीस तर बॉस तुझा.” छायानं क्षणभरही विचार केला नाही. तांबड्या असताना ती आजवर कुणाला हरली नव्हती. “ये,” ती म्हणाली, “बॉसले येताना खाऊ घालून आन. मंग माह्याकडे उपाशी नको याले.”

खेळाचा एक कायदा मात्र कडक होता. अदलाबदल केलेला प्राणी मूळ मालकाकडे परत येत नसे. गेला तो गेला.

म्हणूनच आता, हर्षल एस.टी.तून उतरून मोरीपाशी पाय धूत असताना, छायानं डबी उघडून झुंजीचे तिघं एकदा तपासले. काजवा जागेवर होता, साळिंदर जागेवर होतं. तांबड्याच्या जागी मोकळा चौकोन. आणि खालच्या पडद्यावर, बरोब्बर मधोमध, पिवळं बोट उमटलेलं.

तिनं ते नखानं खरवडून वास घेतला. हळद. हळदीत तूप.

आबा ओसरीत झुलीचे गोंडे नीट करत बसले होते. काल संध्याकाळी त्यांनी जोडीची खांदेमळण केली होती. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळलं होतं, पळसाच्या पानानं शेकलं होतं आणि बैलांच्या कानाशी वाकून रिवाजाप्रमाणे म्हटलं होतं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ छायानं ते ऐकलं होतं. त्यानंतर आबा कुठं गेले, ते तिनं पाहिलं नव्हतं.

“आबा, माह्या तांबड्या कुठी हाय?”

“गोठ्यात,” आबा शांतपणे म्हणाले.

“कोन ठेवला?”

“मीच ठेवला. त्या दोघायची खांदेमळण केली, मंग म्हटलं ह्यानंच काय पाप केलं? ह्याच्या खांद्याले बी लावलं जरासंक. आवतन देल्लं आन् सोडला गोठ्यात. तूच दाखवलं होतं ना, कसा सोडते ते?”

दाखवलं होतं खरं. चैत्रात हौसेनं दाखवलं होतं. हे बटण, मग हे चित्र, मग हे. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चित्रं पाठ होती.

“आबा, आज झुंज हाय! त्याच्यासाठीच तर हर्षल आला. तांबड्याच पनाले लावला मी.”

आबांचे हात थांबले. ही पणाची गोष्ट तिनं त्यांना सांगितलीच नव्हती. त्यांनी गोंडा खाली ठेवला.

“पोळ्याच्या दिवशी?”

“खेळातला हाय तो, आबा.”

“माहीत हाय मले. मी काई येडा नाई झालो.” आबा पुन्हा गोंड्याला लागले. “तुह्या बैल हाय, पोरी. काढाचा असंल तर काढ. मी फक्त सांगून राह्यलो का म्या त्याले आवतन देल्लं हाय. जेवाले ये म्हटलं आन् जू ठेवलं मानेवर, असं आपल्या दारात झालं नाई आजपर्यंत. बाकी तू पाह्य.”

रागावले असते तर बरं झालं असतं. छायाला वाद घालता आला असता.

ती आतल्या खोलीत गेली. गोठ्याचं चित्र उघडलं. तांबड्या गवतावर पाय मुडपून बसला होता, शेपटी हलवत होता. एक बटण दाबलं की बाहेर. अंगठा बटणावर होता. पडद्यावरचा तो पिवळा डाग तांबड्याच्या बरोबर पाठीवर येत होता. आबांनी नेम धरून लावला होता म्हणायचं.

अंगठा तिथंच राहिला आणि डोकं चालू झालं. हर्षल काय घेऊन आला असेल? महिनाभर तो एकाच गोष्टीचा विचार करत होता: तांबड्या. तांबड्या मातीचा. मातीला पाणी मारतं, म्हणजे त्याचं ते पाणमांजर येणार. मातीला वेलही मारते, आणि शिवाय वेल काजव्याची वीज गिळते, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. वेल तर नक्कीच येणार. आणि बॉस. हवेत उडणाऱ्याला मातीचा वार लागतच नाही. तिघंही तांबड्यासाठी. हर्षल हुशार होता, पण त्याची हुशारी एकाच खुंट्याला बांधलेली असायची.

मग तो खुंटाच उपटला तर?

कॉलेजात प्रयोगशाळेत तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती: सगळं तसंच ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं. छायानं अंगठा उचलला. आबांचा शब्द राहिला म्हणून, की डाव दिसला म्हणून, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. दोन्ही एकाच बाजूला झुकले होते, मग भांडण कशाला? ती गोठ्यात खाली खाली गेली, आणि तळाशी एका कोपऱ्यात पडलेल्या गोगलगायीपाशी थांबली.

या गोगलगायीवर आबांचा भारी राग. शेतात सोयाबीनची कोवळी रोपं रात्रीत फस्त करणारी ही जात, तिला डबीत पोसायचं म्हणजे काय? ‘तिले मीठ टाक,’ असं ते दर वेळी सांगायचे. पण छायानं तिला हौसेनं वाढवलं होतं, फक्त अभ्यासासाठी. शंखात गेल्यावर तिला किती इजा होते, हे तिनं वेगवेगळ्या प्राण्यांसमोर उभं करून तपासलं होतं. ते आकडे तिला तोंडपाठ होते.

ओसरीत चटई टाकली. आईनं, वंदनानं, दोघांपुढे सांजोरी ठेवली आणि पुरण वाटायला परत गेली. आबा मधोमध बसले, पंचासारखे. दोन डब्यांत तार जोडली.

“काय मग आबा,” हर्षल म्हणाला, “नातीचा बैल आज जातोय. शेवटचं पाहून घ्या.”

“जाईल तवा पाहू,” आबा म्हणाले. “तू सांजोरी खाय. मांगून तोंड कडू होते.”

हर्षलनं पहिल्यांदा वेल काढली. छायाच्या अंदाजाप्रमाणेच. छाया झुंजीची सुरुवात नेहमी तांबड्यानं करायची, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं डोळे मिचकावले आणि समोर पाहिलं. समोर गोगलगाय होती.

“हे काय आहे?”

“गोगलगाय,” छाया म्हणाली.

“ते दिसतंय मला. तांबड्या कुठाय?”

“जेवाले बसला.”

आबा खुदकन हसले. मग पडदा पाहून त्यांचं हसू मावळलं. “हे? हे काढली व तुनं? जगात दुसरं जनावर नोयतं?”

“आबा, थोडं पाहा तं खरं.”

गोगलगाय हळूहळू वेलीवर चढली आणि खाऊ लागली. वेलीनं दोनदा फास टाकला, पण शंखाला फास कसला बसतो. आबा नकळत पुढं सरकले. शेतात जे पाहून ते वर्षानुवर्षं शिव्या घालत आले होते, तेच इथं पानापानानं चाललं होतं. वेलीचं शेवटचं पान गेलं तेव्हा ते पुटपुटले, “खाते मात्र मन लावून.”

“नशीब,” हर्षल म्हणाला. “चल बॉस.”

ससाणा आभाळात चढला. छाया आता ताठ बसली. इथून पुढे एकच गोष्ट महत्त्वाची होती. बॉसचा तो भारी सूर त्याला झुंजीत मोजक्याच वेळा मारता यायचा. ते सूर काजव्यासाठी राखून ठेवले तर काजवा पहिल्याच फटक्यात संपणार आणि पाणमांजराला हात लावणारं छायाकडे कुणी उरणार नाही. शहाण्यानं बॉसला मागं घ्यावं, गोगलगायीला पाण्यानं वाहून न्यावं. तसं झालं तर तांबड्या गेलाच म्हणून समजा. पण हर्षलला मागं घेणं म्हणजे हरणं वाटायचं. लहानपणी गोट्यांतही तसंच, कबड्डीतही तसंच. छायाचा सगळा डाव त्याच्या त्या एका स्वभावावर उभा होता.

बॉसनं सूर मारला. गोगलगाय शंखात गेली. शंखाला एक तडा.

“अरे!” हर्षल म्हणाला.

दुसरा सूर. गोगलगाय शंखातच. आणखी एक तडा.

हर्षलचं बोट मागं घेण्याच्या बटणाकडे सरकलं. छायाला ते दिसलं. श्वाससुद्धा तिनं बेतानं घेतला.

“काऊन बे,” आबा म्हणाले. त्यांना डावातलं काही कळत नव्हतं, फक्त जे दिसत होतं ते ते बोलत होते. “एवढी मोठी घार, आन् गोगलगाय नाई फुटून राह्यली तिच्याच्यानं? आमच्या कोंबड्या खातेत त्याहीले.”

“घार नाही आबा, ससाणा आहे!”

“असंल बाप्पा. पुन्याचा असंल.”

हर्षलचे कान लाल झाले. बोट परत सुराच्या बटणावर आलं. तिसरा. चौथा. पाचव्याला शंख फुटला आणि गोगलगाय पडली.

“गेली!” हर्षलनं मांडीवर थाप मारली. “संपली तुझी गोगलगाय!”

“हाव, संपली,” छाया म्हणाली. “आन् तुह्ये सूर बी.”

हर्षलनं खाली पाहिलं. सुराचं बटण राखाडी झालं होतं.

छायानं साळिंदर पाठवलं. बॉसकडे आता फक्त चोच उरली होती, आणि साळिंदराला जो टोचेल त्यालाच काटे रुततात. दोन टोचांत बॉसचंच निम्म्याहून जास्त बळ उतरलं. आता मात्र हर्षल शहाणा झाला. त्यानं बॉसला मागं घेतलं, पाणमांजर काढलं, आणि लाटेमागून लाट सोडून साळिंदराला बुडवलं. ते त्यानं झकास केलं. छायानंही मनात मान डोलावली.

“आता एकच,” हर्षल म्हणाला. त्याचा आवाज परत आला होता. “माझे दोन, तुझा एक. आबा, गोठ्याची चावी द्या.”

छायाचा काजवा निघाला. नखाएवढा जीव, पोटात दिवा. एकदा लखलखला, आणि पाणमांजर उताणं पडलं. वीज पाण्यावर भारी, याला कुणाचाच इलाज नव्हता.

बॉस परतला. अर्धा जखमी, पण काजव्यापेक्षा चपळ. पहिला वार त्याचाच असणार हे दोघांनाही माहीत होतं. आबांनी छायाचा दंड धरला. हर्षलनं ओठ चावून बटण दाबलं. चोच बसली. काजव्याच्या बळाची पट्टी घसरत गेली, घसरत गेली, आणि एका लालभडक कणावर थांबली.

आबांनी डोळे मिटून घेतले होते. छायानं नव्हते मिटले. एक टोच काजवा सोसतो, दुसरी सोसत नाही, हे तिनं कधीच करून पाहिलं होतं. तिनं सावकाश बटण दाबलं. काजवा पुन्हा लखलखला आणि ससाणा पंख मिटून खाली आला.

बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा वाजत होत्या.

“उघडा डोये, आबा,” छाया म्हणाली. “तांबड्या आपलाच हाय.”

आबांनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. मग त्यांनी सांजोरीचं ताट हर्षलपुढे सरकवलं. “घे. म्हटलं होतं तुले, आंगोदर खाय.”

हर्षलनं सांजोरीचा तुकडा मोडला. “मला सांग,” तो म्हणाला, “तांबड्याला का नाही काढलंस? खरं सांग.”

“आज पोळा हाय.”

“अगं, पण तो खेळातला...”

“आन् तुह्ये तिघं बी त्याच्यासाठीच आले होते. मेहमान आले तवा यजमान घरी नसला तं काय करतेत? परत जातेत.”

हर्षलला हसू आवरेना. हरल्यावर हसता येणं हा त्याचा एक चांगला गुण होता, आणि छायाला तो त्याच्या बाकी सगळ्या गुणांपेक्षा जास्त आवडायचा. “घे बाई. शब्द म्हणजे शब्द. घेऊन जा बॉसला.”

पण खेळात नुसतं देता येत नाही. दोघांनीही काही तरी पुढं करावं लागतं, मगच अदलाबदल होते. हर्षलनं बॉस ठेवला आणि वाट पाहत राहिला. छायानं गोठा चाळला. उन्हाळ्यात तांबड्याची वाट पाहताना गुहेतून निघालेली राखाडी वासरं तिथं दावणीला रांगेनं उभी होती. त्यातलं एक तिनं पुढं केलं.

“हे? हे तर साधं वासरू!”

“साधंच हाय. पोस आन् मोठं कर. तांबड्याले बी आम्ही एवढंसंच आनलं होतं. शिंगाचा रंग येगळा, बाकी ताकत सारी कष्टाची.”

“नाव काय याचं?”

“ठेव तू. एकदा ठेवलं का बदलत नाई, इचार करून ठेव.”

तारेतून दोन दिवे एकमेकांना पार करून गेले. बॉस छायाच्या डबीत आला. तिला धीर निघेना. तिनं लगेच रानातल्या एका किरकोळ उंदरासमोर त्याला उभं केलं आणि हुकूम सोडला. बॉसनं तिच्याकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि पंखात मान घालून झोपला. तिनं पुन्हा हुकूम दिला. बॉस हललासुद्धा नाही. उंदीर येऊन त्याला दोनदा चावून गेला.

“अस्सं!” हर्षलला ताटातली सांजोरी उचलायचं भानही राहिलं नाही. “माझंच ऐकायचा तो. तुझं कसं ऐकेल?”

छायानं कपाळाला आठ्या घातल्या. हे तिनं वाचलं होतं, पण कधी पाहिलं नव्हतं. परका प्राणी नव्या मालकाला किती दिवस मानत नाही, कशानं मानतो, खाऊनं की झुंजीनं? तिच्या डोक्यात प्रयोगाची मांडणी सुरूही झाली होती. आबांनी मान वाकवून पडद्यावर पाहिलं.

“बाजारातून बैल आनला का असंच करते,” ते म्हणाले. “पयले आठ दिवस जू लावूच नये. नुसतं जवळ बसाव, पेंड चाराव, अंगावरून हात फिरवाव. जुन्या मालकाचा वास जाऊ द्याव लागते.”

“आन् मंग?”

“मंग तोच येते मान पुढं करून.”

गावात डफडं वाजू लागलं. तोरणाखाली जोड्या जमायला लागल्या होत्या. आबांनी झूल खांद्यावर टाकली आणि उठले. हर्षल त्यांच्यामागून निघाला, डबी हातातच, चालता चालता वासराला नाव शोधत. “आबा, ‘डॉन’ कसं वाटतं?”

“बैलाचं नाव हाय का चोराचं?”

छाया मागं ओसरीतच थांबली. बॉस पंखात मान घालून बसला होता. तिनं हुकुमाचं बटण सोडून दिलं, खाऊची पिशवी उघडली, एक लाल बोर काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. बॉसनं ते पाहिलं. खाल्लं नाही. पण मान किंचित वर केली, आणि छायाच्या मते पहिल्या दिवसाची नोंद म्हणून तेवढं पुष्कळ होतं.